अमेरिकेत कॉलेज खेळाडूंना पैसे देण्यापर्यंत गोष्ट आली कशी

1 जुलै 2025 पासून अमेरिकेतली कॉलेजेस आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि तेव्हापासून तिकडच्या फॅन्सचं एकच गाऱ्हाणं ऐकू येतंय की पैसा आला आणि खेळाची वाट लागली. मला हे अर्धंच पटतं. पैसा काही काल आलेला नाही, तो पहिल्या दिवसापासून होता, फक्त जो खेळतो त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

अगदी पहिली मॅच बघा. 1852 मध्ये हार्वर्ड आणि येलची बोटींची शर्यत झाली, अमेरिकेतली दोन कॉलेजमधली ही पहिली लढत धरतात, आणि तिचा खर्च उचलला एका रेल्वे कंपनीने, कारण शर्यत बघायला लोक येणार म्हणजे तिकिटं खपणार. पुढे फुटबॉल आला (त्यांचा, बॉल हातात धरून पळायचा), 1905 च्या सीझनमध्ये पोरं मैदानात मरायला लागली तेव्हा प्रेसिडेंट रूझवेल्टने कॉलेजवाल्यांना बोलावून घेतलं आणि त्यातून 1906 मध्ये जी संस्था उभी राहिली तीच आजची एनसीएए, कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी. खेळाडूने खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत हा तिचा नियम, पण चोरून पैसे देणं सर्रास चालायचं. 1956 मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप द्यायला रीतसर परवानगी मिळाली, फी, राहणं-खाणं आणि पुस्तकं, बस, त्याच्या पुढे फारसं काही नाही.

आता एक केस जरा थांबून सांगतो कारण सगळ्याचं मूळ मला तिच्यात दिसतं. रे डेनिसन नावाचा, आर्मीतून परत आलेला, बायकामुलं असलेला माणूस कोलोरॅडोमधल्या फोर्ट लुईस या छोट्या कॉलेजकडून खेळायचा. 1955 मध्ये मॅचमध्ये डोक्याला मार बसून तो गेला. बायकोने नुकसानभरपाई मागितली, कामावर असताना कामगार गेला तर घरच्यांना मिळते तशी. 1957 मध्ये कोलोरॅडोच्या सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं, कारण काय तर कॉलेजचा फुटबॉल हा काही धंदा नाही. खेळाडू हा आधी विद्यार्थी, तो कर्मचारी नाहीच, ही एनसीएएची भूमिका याच काळात पक्की झाली आणि पुढची साठेक वर्षं ती ढालीसारखी वापरली गेली.

धंदा नाही म्हणता म्हणता 1984 उजाडलं. तोपर्यंत कुठल्या कॉलेजच्या किती मॅचेस टीव्हीवर दाखवायच्या हे एनसीएए ठरवायची, ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या युनिव्हर्सिट्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. मग काय, प्रत्येक कॉन्फरन्सने (आपसात लीग खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) आपापले टीव्हीचे हक्क विकायला काढले. 2022 मध्ये बिग टेन या कॉन्फरन्सने सात वर्षांचा करार केला तो 700 कोटी डॉलरच्या वरचा. कोचचे पगार इतके वाढले की बऱ्याच राज्यांत सर्वात जास्त पगाराचा सरकारी माणूस गव्हर्नर नसतो, फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा कोच असतो. 2023 मध्ये टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीने फुटबॉल कोच जिम्बो फिशरला काढलं तेव्हा नुसतं घरी पाठवायचे सुमारे 7.6 कोटी डॉलर कबूल केले होते!! आणि दुसरीकडे 2014 मध्ये शबाझ नेपियर, चॅम्पियन बास्केटबॉल टीमचा स्टार, कॅमेऱ्यासमोर सांगत होता की कधीकधी मी उपाशी झोपतो. हे वाचून ज्याला राग येत नाही त्याच्याशी मला बोलायचंच नाही.

भिंतीला पहिलं भगदाड पाडलं ते एड ओबॅननने. 1995 ला लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीला बास्केटबॉलमध्ये चॅम्पियन करणारा हा खेळाडू, बऱ्याच वर्षांनी मित्राकडे गेला तर तिथे व्हिडिओ गेममध्ये हा स्वतःच, तोच 31 नंबर, तसाच डावखुरा, फक्त नाव नाही, आणि पैसे तर नाहीतच. 2009 मध्ये त्याने केस टाकली, 2014 मध्ये जज क्लॉडिया विल्केन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की खेळाडू आपलं नाव आणि चेहरा वापरून कमवू शकतो. 21 जून 2021 ला ऑल्स्टन केसमध्ये (खेळाडूंना शिक्षणाशी निगडित मदत देण्यावर एनसीएएने घातलेल्या मर्यादांची केस) सुप्रीम कोर्टात एनसीएए 9-0 हरली आणि दहा दिवसांत जाहिरातींचा दरवाजा उघडावा लागला.

फॅन्सना खरा धक्का बसला तो यानंतर. त्याच वर्षी टीम बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसायचा नियम पहिल्या बदलीपुरता गेला आणि 2024 पर्यंत कितीही वेळा बदला, चालेल असं झालं. त्यात श्रीमंत माजी विद्यार्थी आणि साधे फॅन्स मिळून फंड काढायला लागले, कलेक्टिव्ह म्हणतात त्याला, महिन्याला वर्गणी भरा आणि आपल्या टीमचा खेळाडू टिकवा. सप्टेंबर 2024 मध्ये लास व्हेगासच्या यूएनएलव्ही युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक (फुटबॉल टीमचा हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) मॅथ्यू स्लुका टीम तिन्ही मॅच जिंकलेली असताना सोडून गेला, त्याचं म्हणणं असं की कबूल केलेले पैसे दिले नाहीत, आणि टीमचं म्हणणं वेगळं. टेनेसी युनिव्हर्सिटीने तर खेळाडूंना द्यायच्या पैशांसाठी 2025 च्या सीझन तिकिटांवर सरळ 10 टक्के टॅलेंट फी लावली. कॉलेज स्पोर्ट्सची मजाच ही की पोरगं अठराव्या वर्षी येतं, चार वर्षं तुमच्यासमोर मोठं होतं, ते तुटलं की फॅनच्या जिवाला लागतं आणि ते मला पूर्ण समजतं. पण हे पैसे दिल्यामुळे झालं असं मला वाटत नाही, दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा नीट करारच नव्हता म्हणून झालं. आणि पश्चिम किनाऱ्यावरची पॅक-12 सारखी शंभरेक वर्षांची कॉन्फरन्स 2024 मध्ये दोन कॉलेजांवर आली, पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफोर्ड अटलांटिक कोस्टच्या कॉन्फरन्समध्ये जाऊन बसलं, ते काय खेळाडूंनी केलं? ते टीव्हीच्या पैशांनी केलं, आणि पिढ्यान्पिढ्यांची खुन्नस असलेल्या मॅचेस त्यात गेल्या.

6 जून 2025 ला हाऊस केसची (ग्रँट हाऊस हा स्विमर आणि इतर खेळाडूंनी एनसीएएवर टाकलेली) तडजोड मंजूर झाली, थेट पैसे देण्याची मुभा आली ती हिच्यातूनच, जज परत विल्केनच. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे 280 कोटी डॉलर, आणि पुढे तडजोडीत सामील होणाऱ्या प्रत्येक कॉलेजला पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत वाटायची मुभा. जुन्या खेळाडूंच्या रकमेतला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जाणार, म्हणून 2025 मध्येच काही महिला खेळाडूंनी अपील केलं. खेळाडूंना कर्मचारी मानायचं की नाही हा प्रश्न तर अजून कोर्टात लटकलेलाच आहे.

मला काळजी वाटते ती लहान खेळांची. अमेरिकेच्या ऑलिंपिक टीममधले बहुतेक जण कॉलेजमध्येच घडतात आणि स्विमिंग, कुस्ती, जिम्नॅस्टिक्सचा खर्च बऱ्याच ठिकाणी फुटबॉलच्या कमाईतून निघतो. मार्च 2025 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली युनिव्हर्सिटीने स्विमिंग-डायव्हिंग बंद केलं, कारणांत ही तडजोड होतीच. आपल्याकडची टेनिस, स्क्वॉश, स्विमिंगची पोरं जातात ती याच खेळांच्या स्कॉलरशिपवर, सोमदेव देववर्मन असाच व्हर्जिनियाकडून खेळून 2007 आणि 2008 ला एनसीएए चॅम्पियन झाला होता. आणि स्टुडंट व्हिसावर काम करून कमवायला कडक मर्यादा असल्यामुळे शेजारच्या लॉकरवाला अमेरिकन मुलगा जाहिरात करून पैसे घेतो, तेव्हा पुण्याहून गेलेल्या मुलीला तीच जाहिरात करण्याआधी वकिलाला विचारावं लागतं.