उष्णतेने उघडणारे लिपोसोम

उष्णतेने उघडणारे लिपोसोम म्हणजे चरबीच्या पापुद्र्याच्या अतिबारीक पिशव्या, साधारण 100 नॅनोमीटरच्या, आत कॅन्सरचं औषध भरलेलं. शिरेतून दिल्या की रक्ताबरोबर अंगभर फिरतात, पण औषध सोडायचं ते जिथे मुद्दाम गरम केलंय तिथेच, अशी कल्पना.

थंडीत साताऱ्याकडे खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि बंबाशेजारी ठेवली की पातळ होते, या पिशवीच्या भिंतीचं पण तसंच काहीसं. भिंतीत मुख्य डीपीपीसी नावाचं फॉस्फोलिपिड (आपल्या सोयाबीनमधलं लेसिथिन याच कुळातलं) आणि ते 41 अंशांच्या आसपास घट्टचं सैल होतं, भिंतीला भोकं पडतात आणि काही सेकंदात औषध बाहेर. अंगाचं तापमान 37, म्हणजे मधे जेमतेम चार अंश, आणि तेवढ्यावर सगळं उभं आहे, मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

औषध नवीन नाहीये, बहुतेक वेळा डॉक्सोरुबिसिनच. मिरजेला नातेवाइकाच्या केमोला सोबत बसलेल्यांना ती लाल सलाईन माहीत असते, केस जातात, आणि डोस वाढत गेला की हृदयाला धोका, म्हणून तर ते गाठीतच जास्त आणि बाकी अंगात कमी जावं यासाठी एवढा खटाटोप.

ही कल्पना 1978 ला याटविन आणि सहकाऱ्यांनी मांडली, पुढे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात नीडहॅम यांनी झटकन उघडणारी भिंत बनवली, त्यातून थर्मोडॉक्स, म्हणजे डॉक्सोरुबिसिन भरलेले असे लिपोसोम, आलं. लिव्हर कॅन्सरच्या 701 पेशंटवरच्या मोठ्या चाचणीत गाठ रेडिओलहरींनी जाळताना ते दिलं, पण 2013 ला निकाल आला तो निराशेचा. ज्यांची गाठ 45 मिनिटं किंवा जास्त वेळ तापवली त्यांना फायदा दिसला म्हणून तेवढाच वेळ धरून पुन्हा चाचणी केली, तीही 2020 मधे अपयशी ठरली. ऑक्सफर्डला मात्र 10 पेशंटमधे अल्ट्रासाउंडने लिव्हरमधली गाठ तापवल्यावर गाठीतलं औषध सरासरी 3.7 पट झालं, म्हणजे औषध पोचतं हे नक्की, पेशंट त्याने जास्त जगतो हे अजून सिद्ध व्हायचंय. त्यामुळे नेहमीच्या उपचारात हे आलेलं नाही.

आणि घरी गरम पिशवीने शेक देऊन यातलं काहीच होत नाही, ती ऊब कातडीखाली फार खोल जात नाही, इथे आतली गाठ नेमक्या अंशावर तापवून तेवढा वेळ धरून ठेवावी लागते.