डब्यावरच्या चिठ्ठीवर जाऊ नका

जुन्या मूकपटाचा डबा सापडला की चिठ्ठी सोडून आतलं रीळ पाहायचं. डब्यांची अदलाबदल झालेली असते, आणि शीर्षक रिळाच्या तोंडाशीच असल्याने आधी तेच तुटतं. ‘हरवलेले’ म्हणून नोंदलेले काही चित्रपट प्रत्यक्षात निनावी पडून असतात. तरी तूट मोठीच: अमेरिकेतल्या सुमारे १०,९०० मूक कथापटांपैकी मूळ ३५ मिमी रूपात पूर्ण उरलेत जेमतेम १४ टक्के.

हौशी शोधक आधी फिल्मची कड वाचतात. कोडॅकची खूण १९१६ला वर्तुळ, १९१७ला चौकोन, १९१८ला त्रिकोण. मेख अशी की दर वीस वर्षांनी त्याच खुणा परत येतात; एकटं वर्तुळ १९३६चंही असू शकतं. शिवाय ती तारीख कच्च्या, म्हणजे अजून चित्र न उतरवलेल्या, फिल्मची. प्रतीवर खूण काळी असेल तर त्या प्रतीची, काळ्यावर पांढरी असेल तर निगेटिव्हवरून उतरलेली. इथे भलेभले फसतात.

मग चौकटी, म्हणजे फिल्मवरची एकेक चित्रं. नक्कल करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून फ्रान्सची पाथे ही चित्रपट कंपनी आपला बोधचिन्हाचा कोंबडा थेट सेटच्या भिंतीवर लावायची. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१२पासून भरवलेल्या कार्यशाळांत अनोळखी रिळं पडद्यावर चालत आणि जाणकार अंधारातूनच मोटारीचं मॉडेल, दुय्यम नटाचं नाव ओरडून सांगत.

हे सगळं घाईने करावं लागतं, कारण मूकपटांची नायट्रेट फिल्म (सेल्युलोज नायट्रेटची) स्वतःलाच खाते. तिच्यातून सुटणारा नायट्रोजन डायऑक्साइड दमटपणात आम्ल बनतो, आणि ते आम्ल विघटन आणखी वाढवतं. आधी चित्र पिवळट होऊन फिकटतं, मग चित्राचा थर चिकट होतो, बुडबुडे येतात, रिळाचा गठ्ठा होतो, शेवटी तपकिरी भुकटी. म्हणून हवाबंद पिशवी नको. वायू आतच कोंडतो. चिकटलेलं रीळ ओढून उलगडू नये, प्रोजेक्टरवर तर मुळीच चढवू नये. फिल्मच्या कडेच्या १०० छिद्रांचं अंतर ४७५ मिमी हवं; ते ४७० भरलं तर फिल्म एक टक्का आटलीय, प्रोजेक्टरच्या दात्यांवर फाटणार. पेटली तर पाण्यानेही विझत नाही, ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. संशय आला की संग्रहालयाला फोन करायचा; टपालाने पाठवायची नाही.

थंडी मात्र तिला मानवते. कॅनडातल्या डॉसन सिटीत बुजवलेल्या जलतरण तलावातून १९७८मध्ये ५३३ रिळं निघाली. गोठलेल्या जमिनीने ती टिकवली होती. पाणी शिरलं ते कडांतून, म्हणून त्या चित्रांत माणसं मधोमध स्वच्छ दिसतात आणि दोन्ही बाजूंना पांढरे डाग थरथरतात.