अरण्यातली परीक्षा आणि एक्याण्णवावे स्तोत्र

येशूची अरण्यात सैतानाने परीक्षा पाहिली, ही सगळी हकीकत मार्कच्या शुभवर्तमानात दोन वचनांत आटोपते. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला, आकाशातून वाणी झाली, आणि लगेच आत्म्याने येशूला अरण्यात घालवले. तिथे तो चाळीस दिवस होता, सैतान त्याची परीक्षा पाहत होता, आसपास वनपशू होते आणि देवदूत त्याची सेवा करत होते. संपले. उपास नाही, धोंड्यांची भाकरी नाही, सैतानाशी सवालजवाब नाहीत. पण 'घालवले' या क्रियापदापाशी थांबायला हवे. मूळ ग्रीकमध्ये इथे जे क्रियापद आहे, तेच मार्क पुढे भुते काढण्यासाठी वापरतो. मत्तय आणि लूक यांना ते टोचले असावे. दोघांनीही ते 'नेले' असे मवाळ केले. तरी मूळ पेच सुटत नाहीच. परीक्षेच्या जागी पोचवणारा सैतान नसून पवित्र आत्मा आहे. ज्याने वाट दाखवायची त्याचीच वाट सैतानाच्या पुढ्यात जाते.

'अरण्य' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गर्द झाडी येते. इथे तसे काही नाही. यरुशलेमच्या पूर्वेला मृत समुद्रापर्यंत पसरलेला हा यहूदियाचा ओसाड मुलूख. अंतर जेमतेम २५ किलोमीटर, पण तेवढ्यात जमीन सुमारे १,२०० मीटर खाली उतरते. खडूसारखे पांढुरके डोंगर, कोरड्या घळी, गुहा. मृत समुद्राकाठच्या कुमरान या वस्तीत राहणाऱ्या यहुदी मंडळाने तर 'अरण्यात परमेश्वराचा मार्ग तयार करा' हे यशयाचे वचन आपल्या तिथल्या राहण्याचे कारण म्हणून नियमावलीत लिहून ठेवले होते. दुसरीकडे, लेवीय पुस्तकात प्रायश्चित्ताच्या दिवशी लोकांची पापे डोक्यावर घेतलेला बोकड अजाजेल (बहुतेक रानातले भूत) याच्याकडे सोडला जातो, तोही अरण्यातच. म्हणजे देव भेटतो ती जागा आणि भुताखेतांची जागा एकच.

चाळीस हा आकडाही आभाळातून पडलेला नाही. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस अन्नपाण्यावाचून होता, एलीया चाळीस दिवस चालून होरेबला पोचला आणि इस्राएल चाळीस वर्षे रानात भटकले. मत्तय आणि लूक यांच्या कथेत सैतान उपाशी येशूला धोंड्यांची भाकरी करायला, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला आणि आपल्या पाया पडायला सांगतो. येशूची तिन्ही उत्तरे 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत, आणि हे अध्याय म्हणजे त्या भटकंतीच्या शेवटी मोशेने लोकांना केलेली कानउघाडणी. भाकरीचे उत्तर मान्न्याच्या, म्हणजे रानात देवाने पुरवलेल्या अन्नाच्या, प्रसंगातून येते. 'परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस' हे मस्साचे. तिथे पाण्यावरून लोक देवावरच उलटले होते, आणि मस्सा या नावाचा अर्थच 'परीक्षा'. जिथे पूर्वजांचा पाय घसरला, नेमके तिथेच येशूला उभे केले आहे.

आता सैतानाकडे वळू, कारण कथेतली खरी चलाखी त्याच्या बाजूला आहे. मंदिराच्या शिखरावर तो शास्त्रवचनच काढतो: देव आपल्या दूतांना आज्ञा देईल, तुझ्या पायाला धोंड्याची ठेच लागू नये म्हणून ते तुला हातांवर झेलतील. हे एक्याण्णवाव्या स्तोत्रातले, आणि हे स्तोत्र साधेसुधे नव्हे. कुमरानजवळच्या ११ व्या गुहेत १९५६ मध्ये सापडलेल्या गुंडाळ्यांत भुते पळवण्याच्या गीतांचा एक संग्रह आहे; त्यात हेच स्तोत्र आहे. थोडक्यात, सैतानाला हाकलण्याचा मंत्र सैतानच म्हणतो आहे. शिवाय तो सोयीने थांबतो. पुढचेच वचन सिंह आणि सापाला तुडवण्याचे आहे.

ही मेख ज्यांच्या अंगावर आली, ते चौथ्या शतकातले इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी. त्यांच्यातल्या गाजलेल्या अंतोनीच्या चरित्रात अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने इशारा दिला आहे की भुते स्तोत्रे गाऊ शकतात, शास्त्रपाठ म्हणू शकतात, झोपेतून उठवून प्रार्थनेलाही बसवू शकतात. ३९९ मध्ये वारलेल्या एवाग्रियस या तपस्व्याने मोहाचे आठ 'विचार' मांडले आणि प्रत्येकाला उलट उत्तर म्हणून सुमारे ५०० वचने गोळा केली. येशूने अरण्यात केले तसेच करा, हा त्यामागचा हिशेब. त्याने सर्वांत जड मानलेले भूत दुपारचे, आणि त्याचे नावही ग्रीक भाषांतरातल्या याच स्तोत्रातून आलेले. एवाग्रियसने केलेले या भुताचे वर्णन वाचताना हसू येते. सूर्य हलतच नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा होतो, तपस्वी पुन्हापुन्हा खिडकीकडे पाहतो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते अजमावतो. सगळ्या रुक्ष धर्मशास्त्रात कंटाळ्याचे इतके अचूक चित्र मला दुसरे ठाऊक नाही.

हेरोनची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ती या तपस्व्यांमध्ये राहून आलेल्या योहान कासियानने पाचव्या शतकात लिहून ठेवली. हेरोन पन्नास वर्षे वाळवंटात राहिला. उपासाचा इतका हट्टी की पुनरुत्थानाच्या सणालाही बांधवांच्या पंगतीला बसायचा नाही. चार दाणे डाळ खाल्ली तर व्रत सैल होईल ही धास्ती. एके दिवशी देवदूताच्या रूपात सैतान आला, आणि तुझ्या पुण्याईने तुला काही होणार नाही या भरवशावर हेरोनने रात्री खोल विहिरीत उडी घेतली. बांधवांनी अर्धमेला बाहेर काढला, तिसऱ्या दिवशी तो गेला. जाईपर्यंत आपण फसलो हे त्याने कबूल केले नाही. मठाधिपती पॅफ्नुटियस त्याला आत्महत्या करणाऱ्यांत न धरायला मोठ्या मुश्किलीने राजी झाला. मंदिराच्या शिखरावर नाकारलेली उडीच ही. कासियानचा निष्कर्ष रोखठोक आहे: हेरोनला कमी पडले ते तप नव्हे, पारख. आणि ती पारख एकट्याला येत नाही, मनात आलेला प्रत्येक विचार ज्येष्ठांपुढे उघड करावा लागतो. आध्यात्मिक मार्गदर्शकाची परंपरा ख्रिस्ती मठांत रुजली, त्यामागे अशा विहिरी आहेत.

पुढे सहाव्या शतकात मठाधिपती बेनेडिक्टने आपल्या मठाच्या नियमावलीत हे स्तोत्र रोज रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत घातले. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा उल्लेख ३२५ च्या नायसीया इथल्या बिशपांच्या परिषदेच्या नियमांत आधीच होता. त्या काळाच्या पहिल्या रविवारी रोमन उपासनेत अरण्यातल्या परीक्षेचा उतारा वाचण्याची आणि मिस्सा या मुख्य उपासनाविधीतली गीते याच स्तोत्रातून घेण्याची जुनी प्रथा. सैतानाने म्हटलेले वचन त्यात येते, आणि गाणारे तिथे न थांबता पुढचे सिंहासापाचे वचनही म्हणतात.