नागपूरच्या उन्हाळ्यात टिकणारा गेमिंग पीसी

गेमिंग पीसी जुळवताना रुपयांचा हिशेब प्रत्येक जण करतो. नागपुरात वॉटचाही करायला हवा, आणि तो बर्डीच्या बाजारात खरेदीला निघण्याआधीच.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जेवढी वीज घेतात, ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. हीटसिंक (चिपवर बसवलेला धातूचा ठोकळा) आणि पंखा ही उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात. खोलीपेक्षा चिप किती अंश जास्त तापणार, हे तिचे वॉट आणि हीटसिंकची ताकद मिळून ठरवतात. समजा, यूट्यूबवरच्या परीक्षणात २२ अंशांच्या खोलीत एखादं कार्ड ६८ अंशांवर स्थिरावलं. फरक ४६ अंशांचा. पंख्याचा वेग तोच ठेवला, तर मे महिन्यात स्लॅबखालच्या ४० अंशांच्या खोलीत तेच कार्ड ८६ च्या घरात जाईल. एनव्हिडिया कंपनीची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःला आवर घालू लागतात: आधी पंखे जोरात फिरतात, मग क्लॉक, म्हणजे चिपचा कामाचा वेग, खाली येतो. ज्या वेगासाठी पैसे मोजले, तोच नवतपाच्या कडक उन्हात हातचा जातो.

म्हणून मी सुरुवात मॉनिटरपासून करायला सांगतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० बाय १४४० वर ३६.९ लाख. म्हणजे प्रत्येक फ्रेमला, पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, पावणेदोन पटींहून जास्त रंगकाम, आणि तेवढं काम पेलायला मोठं, जास्त वॉटचं कार्ड. बजेट बेताचं असेल तर १०८० वर थांबण्यात काहीच कमीपणा नाही.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रोसेसर खेळातल्या जगाचा हिशेब करतो: कोण कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, काय काय रंगवायचं आहे. ती यादी हातात आली की ग्राफिक्स कार्ड पिक्सेल रंगवतं. दोघांत जो मागे पडेल, त्याच्या गतीने खेळ चालतो. आपल्याकडे कोण मागे पडतंय, हे घरीच तपासता येतं. खेळाचं रिझोल्यूशन कमी करून पाहा. फ्रेम वाढल्या तर कार्ड अपुरं पडत होतं. ढिम्म राहिल्या तर बहुधा प्रोसेसर.

बहुतेक खेळांत कार्डच आधी दमतं, त्यामुळे एकूण रकमेचा सगळ्यात मोठा वाटा त्याला द्यावा. कोअर आय३ १२१००एफ किंवा रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर मधल्या दर्जाच्या कार्डाला पुरतो, आणि त्याला महागडं लिक्विड कूलिंगही लागत नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. कार्ड नंतर घेऊ म्हणाल, तर तोवर पडद्यावर काहीच दिसणार नाही. कार्डासाठी खरंच थांबायचं असेल तर अंगचं ग्राफिक्स असलेली रायझन ५ ५६००जी सारखी चिप घ्या. ती रॅममधूनच चित्र काढते, म्हणून तिथे १६ जीबीची एकच पट्टी न घालता ८ च्या दोन घाला. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पोचवते, दोन मिळून ५१.२.

आता कार्ड. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० ची ठरलेली मर्यादा १७० वॉट, आरटीएक्स ४०६० ची ११५. नवं कार्ड कमी वीज घेऊन १०८० वर बहुतेक खेळांत जास्त फ्रेम देतं. जुन्याच्या बाजूने एक मुद्दा उरतो: त्याच्या १२ जीबीच्या मॉडेलपुढे नव्याची ८ जीबी मेमरी कमी आहे, आणि मोठ्या टेक्स्चरच्या (वस्तूंवर चढवलेल्या बारीक चित्रांच्या) खेळांत ती जाणवते. तरीही पुण्यातल्या मित्राला मी दोन्ही बाजू समजावून सांगेन आणि नागपूरकराला सरळ कमी वॉटचं घ्यायला सांगेन. ३०० वॉट खाणारा पीसी म्हणजे बंद खोलीत आणखी तीन माणसं येऊन बसण्याइतकी उष्णता.

एसएसडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. विंडोज हार्ड डिस्कवर न टाकता एसएसडीवर टाका, एवढं पुरे.

बोलायला हवं ते एसएमपीएसबद्दल, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल. पैसे कमी पडले की कात्री इथेच लागते, आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला डबा मशीनला जोडला जातो. डब्यावरचा मोठा आकडा सोडा, बाजूचं स्टिकर वाचा. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. तिथे ३७ अँपिअर लिहिलं असेल तर ४४४ वॉट मिळतात. वर ‘४५०’ छापून १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर असेल, तर हातात २१६ च आले. हे किती अंशांना मिळतात, तेही पाहा. चांगले उत्पादक ४० किंवा ५० अंशांचा उल्लेख करतात. आतले कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. त्यामुळे ८५ ऐवजी १०५ अंशांपर्यंत चालणारे कपॅसिटर असलेला एसएमपीएस आपल्याकडे जास्त काळ साथ देतो.

कॅबिनेट समोरून जाळीचं हवं. काचेचा बंद दर्शनी भाग दुकानात झगमगतो, पण हवेची वाट अडवतो. पुढून दोन पंखे हवा आत घेतील, मागून एक बाहेर टाकेल, एवढी सोय पुरते. विदर्भाची हवा कोरडी, म्हणून आपला कूलर खोली चांगलीच उतरवतो आणि तो उतार चिपलाही मिळतो. फक्त कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ताटीतून उडणारे तुषार आणि आतली धूळ एकत्र आली की सर्किटवर ओलसर थर बसतो. पाऊस सुरू झाला की दमट हवेत कूलरचा जोर सरतो, तेव्हा जाळीची खरी किंमत कळते.

एक उपाय बिनपैशाचा आहे. चिप चालू असताना लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. क्लॉक तोच ठेवून व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवता आलं, तर हा खर्च १९ टक्के घटतो. कंपन्या प्रत्येक चिपला थोडं जास्तीचं व्होल्टेज देऊन ठेवतात, त्यामुळे थोडं थोडं कमी करत आणि दर वेळी खेळून पाहत बरंच खाली जाता येतं. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. आपल्या शहरात प्रत्येक गेमरला ते यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

जुनं कार्ड स्वस्तात मिळत असेल तर तेही जरूर पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोकरन्सीने ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग, म्हणजे गणितं सोडवून नाणी कमावणं, बंद केलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यांची चिप बहुधा शाबूत असते, झिजतात ते पंखे आणि वाळते ती चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट. पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडे अर्धा तास जड खेळ चालवून तापमान पाहा. तिथे एसी चालू असेल तर दिसलेल्या आकड्यात आपल्या खोलीचा फरक मिळवा. नवं घेतलं असेल तर पक्कं बिल घ्या, आणि बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत ऐन दुपारी, कूलर बंद ठेवून, तीच चाचणी घरी करा.