शिसं कुठंय ह्याला? गरी आणि फ्लाय यांतला फरक

फ्लायची, म्हणजे मासे पकडायच्या नकली किड्यांची डबी मी पहिल्यांदा मामांसमोर उघडली, तेव्हा त्यांनी त्यातली एक चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेली. कोंबड्याच्या मानेचं पीस, थोडा दोरा, आत लपलेला बारीकसा गळ. उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "शिसं कुठंय ह्याला?"

मामांचा जन्म माहीमचा. खडकावर बसून गरवण्यात, म्हणजे गळ टाकून मासे धरण्यात, त्यांच्याइतका सराईत हात मी दुसरा पाहिलेला नाही, म्हणूनच त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. आपल्याकडे फ्लाय फिशिंग म्हटलं की लोकांना वाटतं, गळाला कोळंबीऐवजी माशी लावायची, एवढाच काय तो फरक. काहींना वाटतं, प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा नकली मासा लावून रील फिरवली की झालं फ्लाय फिशिंग. दोन्ही समज चुकीचे आहेत. आमिष खरं की खोटं यावर हा फरक ठरतच नाही. तो ठरतो वजन कुठे आहे यावर.

गरीत वजन टोकाला असतं. वांद्र्याच्या किंवा वरळीच्या खडकांवरून कुणी फेकताना नीट बघा. तीस, पन्नास, कधी शंभर ग्रॅमचं शिसं पुढे झेपावतं आणि बारीक नायलॉनची दोरी आपल्यामागे रीलमधून ओढून नेतं. दोरी जितकी बारीक आणि हलकी, तितकं लांब जातं. चकचकीत पत्र्याचा चमचा किंवा लाकडी मासा लावला, तरी रीत तीच राहते, कारण तो चमचाच शिशाचं काम करतो.

फ्लायला यातलं काही नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचं वजन ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याएवढंही नसतं. ती नुसती फेकून बघा, हातभर लांबसुद्धा जाणार नाही. म्हणून इथे वजन दोरीतच घातलेलं असतं. फ्लायची दोरी जाड असते, वर प्लॅस्टिकचा मऊ लेप, टोकाकडे निमुळती होत गेलेली. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी साधारणपणे 5 नंबरची दोरी आणि त्याच नंबरची नऊ फुटी काठी वापरतात. या दोरीच्या पहिल्या 30 फुटांचं वजन भरतं सुमारे 9 ग्रॅम. काठी फेकते ती ही दोरी, आणि टोकाला अडीच-तीन मीटर पारदर्शक नायलॉनला बांधलेली फ्लाय तिच्यामागून निमूट जाते. रीलला इथे फेकण्यात काहीच काम नाही, उरलेली दोरी गुंडाळून ठेवायची एवढंच.

हे सांगून पटत नाही, हाताला कळावं लागतं. म्हणून एका रविवारी पहाटे मी मामांना शिवाजी पार्कला नेलं. गळ काढून टाकला आणि नायलॉनच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधला, सरावाला तो पुरतो. मामांनी सवयीने काठी मागे नेली आणि लगेच पुढे झटकली. चाबकासारखा फट्ट आवाज आला आणि दोरी त्यांच्या पायाशी ढीग होऊन पडली. गरीत मागे थांबायचं कारणच नसतं, शिसं टोकाला तयारच असतं. इथे मात्र दोरी आधी मागच्या बाजूला हवेत पूर्ण उलगडून सरळ व्हावी लागते, तेव्हाच तिचं वजन काठीला वाकवतं. तोवर थांबायचं. खऱ्या फ्लायवर तो फट्ट आवाज झाला, तर बहुतेक वेळा फ्लाय तुटून मागे गवतात गेलेली असते. दहाबारा वेळा झाल्यावर मामा मान वळवून मागे बघायला लागले. दोरीचा वेढा उलगडत गेला, काठीचं टोक किंचित मागे ओढलं गेलं आणि ते म्हणाले, "हां, आता ओढतंय." पुढच्या फेकीला लोकर पंधरा पावलांवर गवतावर अलगद टेकली.

दुसरा फरक माशाच्या बाजूने आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. गरीला लागणारा शिंगाळा वासावर येतो. खाडीचं पाणी गढूळ, डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. कोळंबीचा किंवा बांगड्याचा तुकडा तळाशी पडून राहतो, वास पसरतो, मासा शोधत येतो. ट्राउट याच्या उलट. काचेसारख्या थंड पाण्यात, दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून तो उभा असतो आणि वाहत येणारं खाणं डोळ्यांनी निवडतो. त्याचं खाणं म्हणजे मुख्यतः पाण्यातले किडे. उदाहरणार्थ मेफ्लाय. तिचं पिल्लू महिनोन्महिने दगडाखाली वाढतं आणि पंख फुटले की जेमतेम काही तास, फार तर एक-दोन दिवस जगतं. त्या काळात ती काही खातही नाही. फ्लाय बांधणारा या सगळ्या अवस्था पिसांतून उभ्या करतो. पाण्यावर तरंगणारी कोरडी फ्लाय वेगळी, आणि तळालगत वाहणारी, पिल्लासारखी दिसणारी निम्फ वेगळी. ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच होतं, म्हणून वर काहीच हालचाल दिसत नसेल तर निम्फच लावावी.

त्यातून पुढची गोष्ट येते. गरीत आमिष एका जागी थांबावं लागतं, फ्लाय मात्र अगदी पाण्याच्या वेगाने वाहायला हवी. मधल्या जोरदार धारेने जाड दोरी ओढली की फ्लाय पाण्यावर रेघ ओढत पळते, आणि असा पळणारा किडा ट्राउटने कधी पाहिलेला नसतो. म्हणून दोरी पडल्या पडल्या मनगटाने ती उचलून धारेच्या वरच्या बाजूला टाकावी लागते. झटका देण्याची वेळही वेगळी. मामा शिंगाळ्याला खाऊ देतात, दोरी ताणली की मग उचलतात. ट्राउट पीस तोंडात घेतो आणि क्षणात थुंकतो. तो क्षण गेला की गेला. याचा एक फायदा म्हणजे गळ बहुतेक वेळा ओठालाच लागतो, पोटात जात नाही. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला असेल, तर मासा पाण्यातच, हातही न लावता सोडता येतो.

आता हंगाम. मामा तिथी बघतात. उधाण आहे की भांग (भरती-ओहोटी कमी असण्याचे दिवस), भरती किती वाजता, यावर त्यांचा दिवस ठरतो. ट्राउटवाल्याला बर्फ बघावं लागतं. आपल्या सह्याद्रीच्या नद्यांत ट्राउट नाही, कारण पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास व्हायला लागतो. मुळात तो भारतातलाच नव्हे. ब्राऊन ट्राउट युरोपातला, रेनबो उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास बोटीने अंडी आणून तो काश्मिरात वाढवला, पुढे हिमाचलात आणि दक्षिणेत निलगिरी, मुन्नारच्या डोंगरांत. आम्ही जातो ते कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर, औटला उतरून बंजारच्या रस्त्याने. तिथे मत्स्य विभागाचा परवाना आधी काढायचा.

मार्च-एप्रिलमध्ये पाणी कमी, स्वच्छ आणि बोचरं थंड असतं. सकाळी लवकर उठून उपयोग नाही, दुपारी ऊन चढल्यावर किडे हलतात. मे-जूनमध्ये वर बर्फ वितळायला लागतं. दिवसभर वितळलेलं पाणी दुपारनंतर खाली पोचतं आणि नदी फुगते, त्यामुळे इथे उलट सकाळ साधावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने गढूळ झालेल्या पाण्यात फ्लाय दिसतच नाही, मग ट्राउट ती घेणार कशी? माझा जीव अडकलाय तो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या दिवसांत. पाणी उतरलेलं, आरशासारखं. लहानात लहान फ्लाय, बारीकात बारीक नायलॉन, आणि सावलीसुद्धा पाण्यावर पडू न देता खालच्या बाजूने वाकून जायचं. ब्राऊन ट्राउटच्या अंगावरचे लाल ठिपके तेव्हा सर्वांत उठून दिसतात, कारण त्याचा विणीचा काळ जवळ आलेला असतो.

1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउट पकडायला बंदी असते. मादी शेपटीने वाळूखड्यांत खळगा करून त्यात अंडी घालते आणि ती थंड पाण्यात हळूहळू वाढतात. मार्चमध्ये हंगाम उघडला तरी बरीच पिल्लं त्या खड्यांतच असू शकतात, म्हणून उथळ, स्वच्छ दिसणाऱ्या बारीक खड्यांच्या पट्ट्यातून चालू नका. मोठ्या दगडांवरून जा, थोडा वळसा पडला तरी चालेल.

त्या चार महिन्यांत माझी काठी कपाटावर असते. मी माहीमला मामांकडे जातो, ते शिसं बांधतात आणि मी त्यांना कोळंबी सोलून देतो.