विभाजित श्रमबाजार (बेळगाव सीमाभाग)

एकाच प्रदेशात कामाचे दोन कप्पे पडतात, तेव्हा त्याला विभाजित श्रमबाजार म्हणतात. एका कप्प्यात कायम नोकरी, वेतनश्रेणी, भविष्य निर्वाह निधी आणि बढती. दुसऱ्यात रोजंदारी, कंत्राट किंवा नगावरची मजुरी. पीटर डोरिंजर आणि मायकेल पिओरे या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये ही मांडणी केली. दुसऱ्या कप्प्यातला माणूस कितीही वर्षे राबला, तरी त्या कामाच्या जोरावर तो पहिल्यात सहसा जात नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेल्या बेळगाव भागात या विभागणीत भाषा आणि राज्यसीमाही मिसळल्या.

निपाणीत हे सर्वांत उघड दिसते. ठेकेदार पाला, तंबाखू आणि दोरा देतो, बायका घरी विड्या वळतात, मजुरी हजारावर ठरते. नापास विड्यांचे पैसे कापले जातात. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात घरी काम करणाऱ्याही येत होत्या; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. मात्र नोंद ठेकेदाराच्या हातात असली, की आपण कामगार आहोत हे सिद्ध करण्याचेच ओझे बाईवर पडते. तंबाखू शेतकऱ्यांच्या १९८१ च्या निपाणी आंदोलनाने तंबाखूच्या भावाचा प्रश्न देशापुढे आणला. विडी वळणाऱ्या हातांना दुसरे कोणते काम मिळेल, हा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे.

बेळगाव शहरात उद्यमबागेतल्या फौंड्र्यांमध्ये आयटीआय झालेल्या मुलाला वर चढायला निदान एखादी पायरी सापडते. वडगाव-खासबागच्या यंत्रमागावर ती फारशी नाही. खानापूरच्या जंगलपट्टीतले तरुण गोव्याची वाट धरतात, निपाणीकडचे कागल-कोल्हापूरची.

सरकारी नोकरीचे दार वेगळ्याच कारणाने अरुंद आहे. कर्नाटकच्या सेवेसाठी कन्नडची परीक्षा द्यावी लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्या खेड्यातल्या मुलाला ती जड जाते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी उमेदवारांना आपल्या नोकरभरतीत सवलत दिली आहे, पण खासगी कारखान्यात तिचा उपयोग नाही. राज्यातल्याच कल्याण कर्नाटकाला (पूर्वीच्या हैदराबाद-कर्नाटकाला) राज्यघटनेच्या कलम ३७१ (जे) नुसार स्थानिक आरक्षण आहे. त्यात बीदर येते, बेळगाव येत नाही.

गोव्यात राबणाऱ्या खानापूरच्या गवंड्याची अडचण आणखी निराळी होती: बांधकाम कामगार कल्याण मंडळे राज्यागणिक वेगळी असल्याने, २०२५ मध्ये नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत, गावाकडची नोंदणी त्याला तिथल्या मंडळाचा लाभ मिळवून देत नव्हती.