गढीच्या दरवाजाला सिमेंट लावायच्या आधी एक फोन करा

गावोगावी गढी पडलेली असते पण दरवाजा उभा असतो. शनिवारवाड्यातही 1828 च्या आगीत आतला लाकडी वाडा गेला, दिल्ली दरवाजा राहिला. म्हणून आम्हा चुन्याने दुरुस्ती करणाऱ्यांना येणारे बहुतेक फोन दरवाजाचे, देवडीचे (दरवाजाच्या आतली पहारेकऱ्यांची जागा) किंवा वरच्या नगारखान्याचेच असतात, आणि प्रश्न ठरलेला, एवढंसं काम आहे तर सिमेंटने स्वस्तात का नाही करत?

कारण ते स्वस्त पडत नाही. खाली घडीव दगड आणि वर विटा किंवा पांढरी माती, अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सोडते. त्यावर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, मग क्षार फुलतात, विटांचा भुगा होतो, मातीची भिंत फुगते, तुळयांची भिंतीतली टोकं कुजतात, आणि बाहेरून गिलावा छान गुळगुळीत दिसत असल्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. आमचा सगळ्यात जास्त वेळ हे सिमेंट काढण्यात जातो. छिन्नीने हळूहळूच काढावं लागतं, जोर केला तर विटेचं तोंडच सोबत निघतं. त्याची मजुरी वेगळी लागते, आणि ती खरंच टाळता येण्यासारखी असते.

चुन्याला वेळ का लागतो हेही सगळे विचारतात. चुना विरवून मुरवायचा, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरतं त्या चरात, मळायचा, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचं, आणि लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून थर पातळ देतो, मध्ये दिवस सोडतो, वर ओलं गोणपाट ठेवतो. घाई केली तर तडे जातात. भर पावसात हे काम आम्ही घेत नाही, त्यामुळे दिवाळीनंतरच्या तारखा लवकर भरतात.

सागवानी दरवाजाला ऑइल पेंट नको, जवसाचं तेल पुरतं. मोठ्या दरवाजातला छोटा दिंडी दरवाजा घासत असेल तर रंधा मारायच्या आधी उंबरठ्यापुढची जमीन बघा, बऱ्याचदा पेव्हर ब्लॉक टाकून ती चढवलेली असते आणि पावसाचं पाणी थेट देवडीत येतं.

व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवा, बाहेरून पूर्ण दरवाजा, देवडी आतून, आणि भिंतीचा जमिनीलगतचा भाग अगदी जवळून. सिमेंट आधीच लावलं असेल तर तेही सांगा, अंदाज त्यावरच ठरतो.